पाणी किती आहे ते आधी सांगा

आज सकाळी स्वयंपाकघरात मुद्दाम रेडिओ लावला. कोयनेकडं पावसानं जोर धरलाय, रात्री दादाचा फोन येऊन गेला होता, म्हणून. ठळक बातम्या झाल्या. मग एका मंत्र्यांनी केलेलं आवाहन. दुसऱ्या मंत्र्यांनी व्यक्त केलेला विश्वास. एक उद्घाटन, आणि त्या उद्घाटनात तिसऱ्या मंत्र्यांनी केलेलं प्रतिपादन. मग एका आढावा बैठकीतले निर्देश. माझ्या पोळ्या होत आल्या तरी पावसाचा पत्ता नाही. शेवटी खेळाच्या आधी एक ओळ आली: धरणांच्या पाणलोट क्षेत्रात पावसाचा जोर कायम असून नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा देण्यात आला आहे. झालं. लगेच क्रिकेट.

कुठलं धरण? किती पाणी सोडलं? कुठल्या नदीचा काठ? नदीकाठच्या माणसानं या ओळीचं करायचं काय?

आकाशवाणीच्या केंद्राचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तक्रार एका केंद्राची नाहीच. मी लहानपणापासून रेडिओवरच्या बातम्या ऐकत आलेय आणि ही उतरंड कधी बदललेली पाहिली नाही. आधी दिल्ली, मग मुंबई, मग बैठका, मग कोण काय म्हणालं, आणि आपल्या पायाखालची जमीन सगळ्यात शेवटी, वेळ उरला तर.

माझं माहेर सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी, भिलवडीच्या पट्ट्यात. ऑगस्ट 2019 मध्ये मी लेकीला घेऊन तिथंच होते. पाणी गल्लीत आलं तेव्हा आम्ही शेजारच्या दुमजली घरात वर गेलो. तीन-चार घरांची माणसं, दोन शेळ्या, धान्याची पोती. लाईट गेलेली, मग मोबाईलची रेंज गेली, मग मोबाईलच गेले. उरला आबांचा सेलवरचा रेडिओ. आबा तो फक्त बातम्यांपुरता लावायचे आणि लगेच बंद करायचे. सेल उतरू नयेत म्हणून काढून चुलीच्या उबेला ठेवायचे. पावसाळ्यात ऊन कुठलं मिळायला! बातम्यांची वेळ झाली की सगळे गोळा. बायका, पोरं, म्हातारी माणसं, कुणी बोलायचं नाही. एरियलला तार गुंडाळून ती खिडकीच्या गजाला बांधलेली.

आणि बातम्यांत काय? ज्यांना तारखा आठवतात त्यांना कळेल. 5 ऑगस्टला 370 कलमाचा निर्णय. 6 तारखेच्या रात्री सुषमा स्वराज गेल्या. या बातम्या पहिल्या येणारच, याला माझी ना नाही. तिथं बसलेल्या कुणाचीच नव्हती. सुषमाबाईंची बातमी ऐकून माझी आई चुकचुकली होती. पण निर्णयाची बातमी झाली, मग त्यावर याची प्रतिक्रिया, त्याची प्रतिक्रिया, त्याचं स्वागत, याचा निषेध, आणि मग पुन्हा एकाचं स्वागत. खाली जिन्याची पायरी बुडत होती. शेवटी कुठंतरी आलं की पश्चिम महाराष्ट्रात पूरस्थिती गंभीर आहे. आबा रेडिओकडं बघून ओरडले, "आरं, गंभीर हाय ते दिसतंय की आम्हास्नी! पाणी किती हाय ते सांग लेका!"

आबांचं ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. आज सकाळी ते पुन्हा कानात वाजलं म्हणून हे लिहायला बसले.

कारण नदीकाठच्या माणसाला आकडे कळतात, हो. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी 40 फूट म्हणजे इशारा आणि 45 म्हणजे धोका, हे आमच्याकडं शाळा न शिकलेल्या बाईलाही पाठ असतं. 2005 ला पाणी 53 फुटांच्या वर गेलं होतं आणि तेव्हा आमच्या उंबऱ्याला कुठवर लागलं होतं, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत. त्यामुळं आयर्विनला आज इतके फूट, कोयनेतून इतके हजार क्युसेक (म्हणजे सेकंदाला तितके घनफूट पाणी), खाली कर्नाटकातल्या आलमट्टी धरणातून पुढं इतके, एवढी तीन वाक्यं सांगितली असती तर त्या माडीवरच्या माणसांनी स्वतःच ठरवलं असतं की जनावरं आत्ता हलवायची की सकाळी बघायचं. कोयनेतून सोडलेलं पाणी आमच्यापर्यंत यायला वेळ लागतो. तेवढाच वेळ माणसाच्या हातात असतो. आणि तेवढाच वेळ बातमीपत्र प्रतिक्रिया वाचण्यात घालवतं.

पेपरची गोष्ट वेगळी. पहिलं पान नको असेल तर माणूस सरळ पाचवं उघडतो. रेडिओवर तसं करता येत नाही. जे आधी वाचलं जाईल तेच आधी ऐकावं लागतं, आणि दहा मिनिटांत बसून बसून बसतात हजारेक शब्द. म्हणून रेडिओवर क्रम हीच मोठी गोष्ट. बातमी दिली की नाही एवढ्यावर भागत नाही, ती कितव्या मिनिटाला दिली हे बघावं लागतं. आठव्या मिनिटाला माणूस उठून गेलेला असतो, गाय पिळायला, बस गाठायला.

माझी एक मैत्रीण काही वर्षं हंगामी वृत्तनिवेदक होती. हंगामी म्हणजे ड्युटी मिळेल तेव्हा जायचं आणि तेवढ्याचे पैसे घ्यायचे. तिच्याकडून आतलं बरंच ऐकलंय. दिल्लीची कॉपी इंग्रजी-हिंदीत येते, ती भराभर मराठीत करायची. माहिती खात्याची पत्रकं येऊन पडलेली असतात, तयार, शुद्धलेखनासकट. जिल्ह्याचा अंशकालीन वार्ताहर बिचारा आपली बातमी पाठवतो, ती कधी वेळेवर येते, कधी नाही. प्रत्येक बातमी वेगळ्या कागदावर असते, म्हणजे ऐनवेळी क्रम बदलता येतो. वाचून झालेला कागद आवाज न करता बाजूला सरकवायचा, माइकमध्ये कागदाची फडफड ऐकू जाता कामा नये. आणि वेळ संपत आली की काचेपलीकडून खूण होते. मग खालचे उरलेले कागद सोडून द्यायचे आणि थेट शेवटच्या ठळक बातम्यांवर यायचं.

मी तिला विचारलं होतं, खालचे कागद कुणाचे असतात गं? ती म्हणाली, "जिल्ह्यांचे. आणखी कुणाचे असणार?"

2019 मध्ये त्या सोडून दिलेल्या कागदांत आमचा आयर्विन पूल होता का? मला हे कधीच कळणार नाही. पण असणारच, असं मला वाटतं, आणि त्या विचारानं आजही अंगाची आग होते.

बरं, बातम्या वाचणाऱ्यांचा यात दोष नाही. हे आधीच लिहायला हवं होतं. पहाटेच्या ड्युटीला अंधारात घर सोडून येणारी, धड नेमणूक नसलेली ही माणसं. त्यांच्या आवाजानं आपल्या घरांची सकाळ व्हायची. पुण्याहून सुधा नरवणे बातम्या वाचायच्या तेव्हा त्या आवाजावर लोकांचं घड्याळ चालायचं. गावाचं नाव चुकू नये म्हणून धडपडणारे लोक आहेत हे. माझी मैत्रीण तर अनोळखी गावाचं नाव आलं की त्या भागातल्या कुणालातरी फोन करून उच्चार विचारायची. इतकी काळजी आज कोण घेतं?

आणि हेही कबूल करते की रेडिओच्या बातम्या अजून अंगावर येत नाहीत. कुणी ओरडत नाही, मागं ढणढण संगीत नाही, चार चौकटींत चार माणसं भांडत नाहीत. कोण म्हणालं ते आधी सांगतात, काय म्हणालं ते मग. टीव्हीपेक्षा हे शंभर पटींनी बरं, यात वाद नाही.

पण बरं आहे म्हणून गप्प बसायचं का? उलट चांगलं आहे म्हणूनच जीव तुटतो. हा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचतो. त्याच्यावर लोकांचा विश्वास आहे. आणि त्या विश्वासाची पहिली सहा मिनिटं कोणाच्या पदरात पडतात? ज्यांच्याकडं आधीच सगळं आहे त्यांच्या. मंत्र्यांनी आवाहन केलं ही बातमी नसते हो! मंत्र्यांनी निधी दिला तर बातमी. दिला म्हणाले आणि पोचला नाही तर त्याहून मोठी बातमी. ती मी रेडिओवर कधी ऐकली असेल तर मला आठवत नाही. सरकार कुठलंही असो. मी काँग्रेसच्या काळातही हेच ऐकलंय, आत्ताही हेच ऐकतेय, त्यामुळं कमेंटमध्ये कृपया त्या वादाला जाऊ नका.

आकाशवाणी-दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीचा कायदा 1990 चा, अमलात यायला 1997 उजाडलं. त्यात लिहिलंय की सार्वजनिक हिताच्या सगळ्या बाबींची माहिती मोकळेपणानं, खरी आणि वस्तुनिष्ठ मिळण्याचा नागरिकाचा हक्क जपायचा. शेती, ग्रामीण विकास, पर्यावरण, आरोग्य यांच्याकडं विशेष लक्ष द्यायचं. आकाशवाणीचं ब्रीद तर बहुजनहिताय बहुजनसुखाय. आबांसारखी माणसं हे बहुजन नव्हेत, तर मग कोण?

आणि दुसरीकडून मिळण्याची सोय तरी आहे का? खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला आपल्या देशात परवानगीच नाही. दिवसभर गाणी लावा, गप्पा मारा, पण बातमी द्यायची तर आकाशवाणीचं बातमीपत्र आहे तसं लावा. हवामान, वाहतूक अशी काही माहिती सांगता येते, आणि आपत्तीचे इशारे प्रशासनानं दिलेले. म्हसवडच्या माणदेशी तरंगसारखी गावची, बायकांनी चालवलेली सामुदायिक केंद्रं आहेत, त्यांनाही बातम्यांच्या बाबतीत हेच बंधन. रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे असं सुप्रीम कोर्टानं 1995 मध्येच सांगून ठेवलंय. ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, सप्टेंबर 2023 मध्ये शिफारस केली की खासगी एफएमला तासाला दहा मिनिटं बातम्यांना मुभा द्या. खासगीवाले बातम्यांचा बाजार मांडतील ही भीती मलाही आहे, खोटं कशाला बोलू. पण मग जो एकच आवाज ठेवलाय, त्यानं तरी आमचं आधी सांगावं की नाही?

कुणीतरी म्हणेल, ताई, आता सगळं मोबाईलवर येतं. येतं ना. रेंज असेपर्यंत येतं. आणि त्याबरोबर कोयना फुटली म्हणून आवाजी मेसेजही येतो. 2019 मध्ये रेंज जायच्या आधी तो आमच्याकडंही आला होता आणि शेजारच्या काकू ऐकून थरथर कापायला लागल्या होत्या. आबांनी त्यांना सांगितलं, "थांबा वयनी, रेडिओत काय म्हणत्यात बघू, तवर ह्याचं काय खरं न्हाई." रेडिओत सांगतील मग खरं, इतका भरवसा. आणि मग रेडिओत काय आलं ते वर लिहिलंच आहे.

8 तारखेला ब्रह्मनाळला पुरातून माणसं नेणारी बोट उलटली. आमच्यापासून लांब नाही ते गाव. ती बातमी आम्हाला रेडिओवरून नाही, होडीतून दूध आणि मेणबत्त्या घेऊन आलेल्या पोरांकडून कळली. त्यातला एक पोरगा सांगता सांगता मटकन खालीच बसला. नंतर रेडिओवरही आली, आणि तेव्हा मात्र वर आली, पहिल्या बातम्यांत. माणसं गेल्यावर आम्ही वर आलो. मला याहून जास्त काही लिहवत नाही या विषयावर.

पण एक सांगायचं राहिलं, आणि ते सांगितलं नाही तर अन्याय होईल. त्यानंतर एका सकाळी बातम्यांमध्ये एका बाईंच्या आवाजात स्पष्ट आलं: आयर्विन पुलाजवळची पातळी 57 फुटांच्या वर जाऊन आता स्थिर आहे, आणि कोयनेचा विसर्ग कमी केला आहे. दोन वाक्यं, संथ, आकडे नीट तोडून. कुणीतरी तो कागद वर घेतला होता. ती पत्रकातली कॉपी नव्हती, ऐकणाऱ्याला काय लागतं हे कळणाऱ्या माणसाची होती. आबांनी रेडिओ बंद केला, सेल काढले आणि म्हणाले, "आता उतरंल. च्या टाका." त्या माडीवर पहिल्यांदाच कुणीतरी हसलं. त्या बाई कोण होत्या मला माहीत नाही. भेटल्या तर पाया पडेन.

म्हणजे करता येतं. दोन वाक्यांत करता येतं. त्यासाठी नवं केंद्र नको, पैसा नको. कागद वर घेणारा हात हवा आणि त्या हाताला भीती नको.

राज्याच्या बातमीपत्रात प्रत्येक गावाचं नाव घेता येणार नाही, मान्य. म्हणून तर जिल्ह्यांजवळचे वृत्तविभाग टिकले पाहिजेत. जून 2023 मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून काम छत्रपती संभाजीनगरला हलवायचं घाटत होतं. ओरड झाली आणि निर्णय थांबला. ओरड केली की थांबतं, हे विसरू नका.

मी आज रात्री पत्र लिहिणार आहे, केंद्रालाही आणि दिल्लीलाही. मागणी एकच: जून ते सप्टेंबर, ठळक बातम्या संपल्या की पहिल्या मिनिटात नद्यांची पातळी आणि धरणांचा विसर्ग, आकड्यांसकट, पुलाच्या नावासकट. मंत्री त्यानंतर. सांगलीचा आयर्विन, कोल्हापूरचा राजाराम बंधारा, कराडचा कृष्णा पूल, पुण्यासाठी खडकवासला एवढी नावं माझ्याकडं आहेत. नाशिककर गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून पाणी मोजतात हेही माहीत आहे. गोदावरीच्या खालच्या अंगाची, विदर्भाची, कोकणातली माहिती मला नाही. तुमच्या गावाला कुठल्या पुलावरचं पाणी बघून कळतं ते खाली लिहा, धोक्याच्या पातळीसकट. रात्री 9 पर्यंत आलेली सगळी नावं पत्रात घालते.