हवाई दलात फुकट शिका, एअरलाइनमध्ये कमवा? एका संदेशाचा प्रतिवाद

गेले काही महिने साताऱ्यातील पालकांच्या मोबाइलवर एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा : मुलाला पायलट करायचे असेल तर कर्ज काढू नका, त्याला हवाई दलात घाला; तिथे सरकार विमान फुकट शिकवते; सात-आठ वर्षांनी त्याने राजीनामा द्यावा, एअरलाइन त्याला थेट कॅप्टन करते; आणि हवाई दलात नाहीच जमले तर सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, आहेच; एअरलाइन्सना पायलट मिळत नसल्यामुळे ते कर्ज दोन वर्षांत फिटते. मी भौतिकशास्त्राचा शिक्षक आहे आणि संध्याकाळी एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशाची, तयारी करणाऱ्या मुलांचे गणित घेतो. हा संदेश प्रमाण मानून घरातले निर्णय होताना मी पाहतो आहे, म्हणून त्यातील एकेक विधान तपासणे मला आवश्यक वाटते.

सर्वांत घातक विधान राजीनाम्याचे आहे. हवाई दलातील अधिकाऱ्याला महिन्याची नोटीस देऊन बाहेर पडता येत नाही. अल्पमुदतीच्या कमिशनवर उड्डाण शाखेत गेलेल्याची मुदत १४ वर्षांची असते आणि तिच्या शेवटी निवृत्तिवेतन नसते. एनडीएमधून कायम कमिशन मिळालेल्या अधिकाऱ्याला निवृत्तिवेतनासाठी २० वर्षांची सेवा पुरी करावी लागते. मुदतीआधी सुटका हवी असल्यास अर्ज करावा लागतो, आणि तो मान्य करायचा की नाही हे सेवेची गरज पाहून ठरते. २०१९ साली एका वायुसैनिकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितले की, हवाई दलात भरती झालेल्या व्यक्तीला सेवेचा करार चालू असताना मनाला येईल तेव्हा नोकरी सोडण्याचा अनिर्बंध हक्क नाही. ज्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखे फौजेच्या परंपरेचे गाव आहे आणि देशातील पहिली सैनिक शाळा १९६१ साली जिथे सुरू झाली, त्या जिल्ह्यातील माणसाला फौजेची नोकरी मर्जीने सोडता येत नाही हे वेगळे सांगावे लागावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

हिशोब वयाच्या भाषेत मांडला तर तो आणखी स्वच्छ दिसतो. एनडीएतून गेलेला मुलगा साधारण बाविसाव्या वर्षी अधिकारी होतो, म्हणजे २० वर्षे पुरी होताना तो बेचाळीस वर्षांचा असतो. एअरलाइनमध्ये ६५ व्या वर्षापर्यंत उडता येत असल्यामुळे त्यानंतरही दुसरी कारकीर्द शक्य आहे, आणि हवाई दलातून आलेले अनेक उत्तम कॅप्टन आपल्या विमान कंपन्यांत आहेत. कॅप्टन दीपक साठे हे त्यांतलेच. त्यांनी १९८१ ते २००३ अशी २२ वर्षे हवाई दलात काढली, तिथे ते कसोटी वैमानिक होते, आणि नंतर ते नागरी विमान वाहतुकीत आले. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने त्यांचे नाव ऐकले. त्यांच्या आयुष्याचा क्रम पाहिला तर हवाई दल हा काही एअरलाइनच्या वाटेवरचा थांबा नव्हता. ती एक पूर्ण कारकीर्द होती आणि एअरलाइन ही तिच्या नंतरची दुसरी.

‘थेट कॅप्टन’ हे विधानही टिकत नाही. लष्करी वैमानिकालाही नागरी परवाना घ्यावा लागतो, म्हणजे डीजीसीएच्या, नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या, परीक्षा आणि वैद्यकीय तपासणी आली. त्यावर ज्या विमानावर काम करायचे त्याचे टाइप रेटिंग, म्हणजे त्याच प्रकारच्या विमानाचे प्रशिक्षण आणि मान्यता, असते. कॅप्टनला लागणाऱ्या एटीपीएल या वरच्या परवान्यासाठी १,५०० तासांचे उड्डाण लागते. एअरलाइनच्या वैमानिकाला वर्षाला १,००० तासांपर्यंत उडवण्याची नियमाने मुभा असते, तर लढाऊ विमानाची सोर्टी, म्हणजे एक फेरी, बहुधा तासाभराची असते आणि तिच्याआधी व नंतर कित्येक तास ब्रीफिंगमध्ये जातात. त्यामुळे वर्षांच्या मानाने तासांची बेरीज फुगत नाही. वाहतूक विमानांच्या वैमानिकांना बदल तुलनेने सोपा जातो खरा, पण हवाई दलात कोणत्या विमानावर जायचे हे मुलगा एकटा ठरवत नाही. प्रशिक्षणातील गुणवत्ता आणि दलाची गरज मिळून ते ठरवतात. एअरलाइनमध्ये आल्यावर बहुतेकांची सुरुवात फर्स्ट ऑफिसरच्या, म्हणजे सहवैमानिकाच्या उजव्या खुर्चीतून होते.

‘फुकट’ या शब्दाबद्दल मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही. २५ जून २०१३ रोजी उत्तराखंडच्या महापुरात लोकांना सोडवण्याच्या कामावर असलेले हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर गौरीकुंडजवळ कोसळले आणि त्यातील सर्व २० जण गेले. त्यांच्या उड्डाणाचे बिल त्यांना कोणी पाठवले नव्हते, एवढ्यावरून ते शिक्षण फुकट ठरत नाही.

आता ‘नाही जमले तर’ या भागाकडे वळू, कारण इथे मुलांचे प्रत्यक्ष नुकसान होते. हवाई दलाच्या उड्डाण शाखेसाठी वैमानिक अभिक्षमतेची चाचणी, जिला मुले सीपीएसएस म्हणतात, ती आयुष्यात एकदाच देता येते. तीत नापास झालेला मुलगा नंतर कितीही सुधारला तरी त्या शाखेत जाऊ शकत नाही. ‘सहज देऊन बघू’ म्हणून पोराला पाठवणाऱ्या बापाला हे ठाऊक नसते. एनडीएच्या एका परीक्षेतून उड्डाण शाखेच्या ९२ जागा भरायच्या असल्याचे अलीकडच्या जाहिरातींत दिसते, आणि अर्ज लाखांच्या घरात असतात. शिवाय शरीराची मापे आहेत : उंची किमान १६२.५ सेंटिमीटर, पायाची लांबी ९९ ते १२० सेंटिमीटर, मांडी जास्तीत जास्त ६४ सेंटिमीटर. गेल्या पावसाळ्यात कोरेगाव तालुक्यातला एक मुलगा माझ्या घरी आला होता. गणित चोख, पळणे उत्तम. त्याला भिंतीला पाठ टेकवून जमिनीवर बसवले, पाय सरळ करायला लावले आणि शिंप्याच्या टेपने टाचेपर्यंत मोजले. तीनदा मोजूनही माप साडेसत्त्याण्णवच्या पुढे सरकेना. दोन वर्षे अकादमीची फी भरलेल्या त्या घराला ही अट कोणी सांगितलेली नव्हती. टेप गुंडाळताना त्याच्या वडिलांनी मला विचारले, “मग सर, सीपीएलच ना? जमीन आहे, बँक देईल.”

संदेशातील शेवटचे विधान याच प्रश्नाचे उत्तर म्हणून दिलेले आहे, आणि ते चुकीचे आहे. सीपीएलसाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते; आपल्या कराडच्या धावपट्टीवर किंवा बारामतीला शिकाऊ विमाने घिरट्या घालताना दिसतात ते हेच तास. या परवान्याचा खर्च आज पन्नास लाखांच्या आसपास किंवा त्याहून अधिक जातो, आणि टाइप रेटिंगचे काही लाख वेगळे. पन्नास लाख ११ टक्के व्याजाने दहा वर्षांसाठी घेतले तर हप्ता महिना सुमारे ६९ हजार रुपये पडतो. परवाना हातात आहे पण नोकरी नाही, अशा वर्षाचे नुसते व्याज साडेपाच लाख होते. एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० आणि इंडिगोने जून २०२३ मध्ये ५०० विमानांची मागणी नोंदवली हे खरे आहे, परंतु ही विमाने अनेक वर्षांत टप्प्याटप्प्याने येतात, आणि कंपन्यांना जी टंचाई जाणवते ती मुख्यतः अनुभवी कॅप्टनची असते. दोनशे तासांच्या नव्या मुलांची रांग वेगळी आणि लांब आहे. किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबली, तेव्हा बाजारात आलेले अनुभवी वैमानिक याच नव्या मुलांच्या पुढे उभे होते.

याचा अर्थ नागरी मार्ग वाईट, असा कोणी काढू नये. ज्याला उडायचे आहे, पण बदल्या, शिस्त आणि युद्धाची शक्यता यांत आयुष्य घालायचे नाही, त्याने प्रामाणिकपणे तोच मार्ग धरावा. चष्म्याने दृष्टी पुरेशी सुधारत असेल तर तिथे अडत नाही. फुरसतगंजच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमीसारखी सरकारी संस्था प्रवेश परीक्षा घेऊन मुले निवडते, तीही पाहावी. मात्र कोणत्याही फ्लाइंग स्कूलमध्ये पहिला हप्ता भरण्याआधी डीजीसीएची क्लास टू आणि नंतर क्लास वन वैद्यकीय तपासणी उरकून घ्यावी. लाखो रुपये भरल्यावर रंगांधळेपणा कळणे हा टाळता येण्याजोगा अनर्थ आहे.

संदेश लिहिणाऱ्याने एक वाट मात्र सांगितलीच नाही, आणि ती त्याच्या क्रमाच्या नेमकी उलटी आहे. हवाई दलाच्या अ‍ॅफकॅट या प्रवेश परीक्षेत उड्डाण शाखेची वयोमर्यादा २४ आहे, पण चालू व्यावसायिक परवाना असलेल्याला ती २६ पर्यंत सवलतीने मिळते. कोरेगावच्या मुलाला याचा उपयोग नाही, कारण पायाचे माप तिथेही तेच आहे. त्याच्या वडिलांना मी एवढेच म्हणालो की सातबारा तूर्त कपाटात राहू द्या आणि आधी पुण्याला जाऊन क्लास टू करून या.