'आपली मॅच' म्हणजे कोणाची रे?

रविवारी सकाळी सव्वासातला आमच्या गोलकीपरला फोन लावला. आठला मॅच होती. तिसऱ्यांदा लावला तेव्हा उचलला आणि झोपेतच म्हणाला, "जमाचा नाय रे. रात्री आपली मॅच होती मा, साडेतीनाक संपली."

आपली मॅच! स्पेनमध्ये! आणि इथे वेंगुर्ल्यात दहा जणं बूट बांधून याची वाट बघत बसलेली.

त्याच सकाळी आमचा लेफ्ट विंगर बंदरावरून थेट मळ्यात, म्हणजे आमच्या मैदानावर, आला होता. रात्रभर समुद्रात. पाचला होडी लागली, मासे उतरवले, एक वडापाव खाल्ला आणि हा हजर. हाताला जाळ्याच्या दोरीचे वळ तसेच होते. तोही झोपलेला नव्हता, पण त्याने पूर्ण मॅच काढली. शेवटची दहा मिनिटं पोटरीत गोळे आले तरी बाहेर जाईना, कारण बदली खेळाडूच नव्हता. तो आम्ही गोलमध्ये उभा केला होता! ज्याने जन्मात कधी ग्लोव्हज घातले नाहीत असा मिडफिल्डचा पोरगा. 3-1 ने हरलो. दुसरा गोल त्याच्या दोन पायांमधून गेला आणि मॅच संपल्यावर तो एकटाच मळ्याच्या मेरेवर, म्हणजे बांधावर, बसून रडत होता. त्याची काय चूक?

संध्याकाळी गोलकीपर साहेब नाक्यावर. अंगात त्या स्पॅनिश क्लबची जर्सी. मोठमोठ्याने सांगतोय, "काल आपण काय खेळलंव!" मग मला बघितलं आणि विचारलं, "तुमी हरलास काय रे?"

तुमी. ज्या टीमचा एक नंबरचा शर्ट याच्या घरी दोरीवर वाळत असतो, ती टीम 'तुमी'. आणि ज्या शहराच्या स्टेशनावर हा कधी उतरलासुद्धा नाही, तिथला क्लब 'आपण'. माझं डोकं फिरलं ते तिथेच, आणि अजून ठिकाणावर आलेलं नाही.

आमची ही गावातली फुटबॉल लीग कशी उभी राहते ते बघायला या एकदा. भात कापलं की शेतकऱ्याच्या हातापाया पडून मळा मागायचा. दोन कुणग्यांमधली, म्हणजे भाताच्या तुकड्यांमधली, मेर काढून जमीन सपाट करायची, आणि पावसाआधी ती मेर पुन्हा घालून द्यायची, तसा शब्दच दिलेला असतो. भाताचे बुडखे पायाला टोचतात, ते पोरं खुरप्याने उपटतात. गोलचे खांब लोखंडी पाइपचे. नेट म्हणजे रापणीचं, किनाऱ्यावरून ओढून मासे धरायचं, टाकून दिलेलं जाळं. ते कुठे कुठे फाटलंय ते बघून एका खेळाडूच्या वडिलांनी दोन संध्याकाळी बसून विणून दिलं, एक पैसा घेतला नाही. आठ टीम आहेत. गेल्या रविवारी बघायला माणसं किती? मी मोजली. बेचाळीस. त्यात अर्धी खेळाडूंच्या घरची.

आम्ही टीमची जर्सी साडेतीनशेला काढली. सतरा खपल्या. आणि परदेशी क्लबांच्या डुप्लिकेट जर्स्या गावातल्या प्रत्येक पोराकडे दोन-दोन. आम्ही ट्रॉफीसाठी दोन हजार मागितले तर ज्या दुकानदाराने "यंदा धंदा नाय" म्हणून हात झटकले, त्यानेच इंग्लंडमधल्या एका मॅचसाठी दुकानापुढे पडदा लावला, खुर्च्या भाड्याने आणल्या. टेनिस बॉल क्रिकेटवाल्यांना लाखाची बक्षिसं मिळतात, त्याचं मला काही नाही. ते निदान स्वतः खेळतात आणि गाव ते बघायला जातं.

आता उत्तर काय मिळतं? "दर्जा नाय रे." बरं, नाही दर्जा. कुठून येणार? ज्या मँचेस्टर युनायटेडचा लोगो छातीवर मिरवता, तो क्लब 1878 मध्ये न्यूटन हीथच्या रेल्वे कामगारांनी काढला. आर्सेनल 1886 मध्ये वूलिचच्या शस्त्र कारखान्यातल्या कामगारांनी. हातातलं काम टाकून येणारी माणसं, आमच्या विंगरसारखीच. त्यांच्या गल्लीतल्या लोकांनी तेव्हा 'दर्जा नाही' म्हणून पाठ फिरवली असती तर? विंबल्डनचा क्लब उचलून मिल्टन कीन्सला न्यायचं ठरलं तेव्हा विंबल्डनच्या लोकांनी 2002 मध्ये स्वतःचा क्लब काढला, एएफसी विंबल्डन. खूप खालच्या, नवव्या पायरीच्या लीगमधून सुरुवात केली आणि 2011 मध्ये फुटबॉल लीगमध्ये पोचले. इंग्लंडचं घ्यायचं तर हे घ्या ना!

लांब कशाला, पत्रादेवी ओलांडली की गोवा. तिथल्या धेंपो क्लबने पाच वेळा राष्ट्रीय लीग जिंकली. आमच्या लहानपणी पोरं फातोर्ड्याला मॅच बघायला जायची आणि रात्री उशिरा कशीबशी परत यायची. 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग, गोव्याच्या तिन्ही क्लबांनी आय-लीग, म्हणजे तीच राष्ट्रीय लीग, सोडली. आमच्या नाक्यावर कोणाला पत्ता नाही. जुलै 2025 मध्ये आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, हंगाम बेमुदत लटकला, कारण देशाच्या फुटबॉल फेडरेशनबरोबरचा हक्कांचा करार डिसेंबरमध्ये संपत होता आणि पुढचं काहीच ठरलेलं नव्हतं. देशातल्या खेळाडूंचे पगार टांगणीला लागले होते. नाक्यावर चर्चा? इंग्लंडमध्ये कुठला स्ट्रायकर कितीला विकला.

जून 2018 आठवा. अंधेरीत भारत 5-0 ने जिंकला, कॅप्टन सुनील छेत्रीची हॅटट्रिक, आणि मुंबईसारख्या शहरात बघायला माणसं 2,569. शेवटी देशाच्या कॅप्टनने व्हिडिओ काढून हात जोडले. युरोपच्या क्लबांच्या चाहत्यांनाही म्हणाला की आमचा दर्जा तेवढा नाही, मान्य, शिव्या द्या, पण मैदानावर या. पुढच्या मॅचची तिकिटं संपली. म्हणजे लोक येऊ शकतात! मग कोणीतरी हात जोडेपर्यंत थांबायचं का? आमच्याकडे तर तिकीटही नाही. मेरेवर बसायचं, फुकट.

परदेशी मॅच बघू नका असं मी म्हणत नाही. मीही बघतो. पण रात्री दीडला सुरू होणारी मॅच बघून सकाळी आपल्या टीमला उघड्यावर टाकायचं, आणि वर 'तुमी हरलास' म्हणायचं? त्या क्लबला त्या रात्री गोलकीपर कमी नव्हता रे. आम्हाला होता.

येत्या रविवारी सकाळी आठला पुढची मॅच आहे. मैदानावर फक्कीच्या रेघा मारायला सहाला जायचंय. मिडफिल्डचा पोरगा रोज संध्याकाळी किनाऱ्यावर डाइव्ह मारायची प्रॅक्टिस करतोय. कोपर सोलवटलंय त्याचं, वाळूने. एक नंबरचा शर्ट मी परत मागवलाय, अजून आलेला नाही.