सोमवारी दिल्लीत पोचलेल्या काकांना उत्तर

काका, नमस्कार. उत्तराला चार दिवस लागले ते राग आला म्हणून नाही ओ, हिशोबाची वहीच सापडत नव्हती. आमच्या घरी खर्च दुधाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहितात आणि ती वही धाकट्यानं चित्रं काढायला पळवलेली. आता समोर आहे, दिल्लीच्या पानावर एक हत्ती आहे, पण आकडे वाचता येतात.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मी मागं एका लेखात लिहिलं होतं 'माणशी पाच हजारात दिल्ली, सात दिवस'. ते वाचून तासगावचे हे काका दिवाळीच्या सुट्टीत घरच्यांना आणि बहात्तर वर्षांच्या आईंना घेऊन गेले. त्यांचं म्हणणं असं: आकडा फसवा आहे, लाल किल्ला बंद निघाला, पहिल्याच दिवशी रिक्षावाल्यानं गंडवलं, आईंचे गुडघे गेले, आणि शेवटी, "सात दिवस एकाच गावात काय करायचं? तेवढ्याच दिवसांत मथुरा-हरिद्वार झालं असतं. तुम्ही सांगलीत विश्रामबागेत बसून लोकांना दिल्ली दाखवताय."

शेवटचं वाक्य बायकोनं मोठ्यानं वाचून दाखवलं, दोनदा.

आधी आकड्याचं. तुमचं बरोबर आहे, मी चुकलो. वहीत काय आहे ते जसंच्या तसं देतो: हॉटेल सहा रात्री दीड हजारानं ९,०००, मेट्रो-रिक्षा ३,७००, खाणं ६,९००, तिकिटं वगैरे ६००. झाले २०,२०० आणि आम्ही चौघं, म्हणून माणशी पाच हजार. यात रेल्वे नाहीच. स्लीपरचं जाऊन-येऊन धरलं तर माणशी साडेसहाच्या पुढं जातं, आणि ते मी खाली कुठंतरी एका ओळीत लिहिलेलं, जिथं कुणी बघत नाही. दुसरं म्हणजे खाण्याचा आकडा एवढा कमी का, हे तुम्ही नेमकं पकडलंत. आम्ही घरातनं दोन किलो भडंग, पन्नासेक धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी नेलेली, पहिले तीन दिवस नाश्ता त्याच्यावरच झाला. ते सामान सांगलीत घेतलेलं म्हणून दिल्लीच्या खर्चात धरलंच नाही. ही लबाडी म्हणा हवं तर. शिवाय मेट्रोचे दर मी जुने लिहिलेले, २०२५ च्या ऑगस्टपासून ते वाढलेत, आता कमीत कमी ११ आणि जास्तीत जास्त ६४ रुपये. स्मार्ट कार्डावर दहा टक्के सूट मिळते, पण कार्ड माणशी वेगळं लागतं, एकाच कार्डावर सगळं कुटुंब आत जात नाही, हे पण मी लिहायला पाहिजे होतं.

आता सोमवार. इथं मात्र मला जास्तच वाईट वाटलं. तुम्ही शनिवारी रात्री सांगलीतनं गोवा एक्स्प्रेसला बसलात, म्हणजे सोमवारी सकाळी निजामुद्दीनला उतरलात, आणि सोमवारी दिल्ली अर्धी बंद असते की ओ. लाल किल्ला बंद, नॅशनल म्युझियम बंद, लोटस टेंपल बंद, अक्षरधाम बंद, रेल म्युझियम पण बंद. माझा सोमवार कुतुबमिनारात गेला तो काही अक्कल लावून नाही, आम्ही गुरुवारी रात्री निघून शनिवारी पोचलेलो म्हणून सोमवार तिसरा दिवस आला आणि त्या दिवशी पोरांनी कुतुबमिनारचा हट्ट धरला. नशीब. त्यामुळं मला सोमवारचा प्रॉब्लेम असतो हेच कळलं नाही, मग लिहिणार कुठनं. आता लिहितो: कुतुबमिनार आणि हुमायूनची कबर आठवड्याचे सातही दिवस उघडी असतात, सोमवार त्या दोघांपैकी एकाला द्यायचा. हुमायूनची कबर तर निजामुद्दीन स्टेशनच्या जवळच. तिकीट ऑनलाइन ३५, खिडकीवर ४०, पंधरा वर्षांखालच्या पोरांना फुकट.

रिक्षाचं वाचून मला हसू आलं, सॉरी, पण आम्ही पण एकदा बसलोय त्यात. "दीडशे रुपयांत सगळी दिल्ली फिरवतो" म्हणणारा माणूस दिल्ली फिरवत नाही, तो शालीच्या दुकानात फिरवतो, कारण तुम्ही नुसतं आत गेलात तरी त्याला काहीतरी मिळतं. तुम्ही तीन दुकानं झाल्यावर उतरलात, आम्ही दोन झाल्यावर. निजामुद्दीनला उतरलं की पुढनं बाहेर पडायचंच नाही, सराय काले खांच्या बाजूला यायचं, तिथं मेट्रोच्या पिंक लाइनचं स्टेशन आहे. मयूर विहार फेज वनला ब्लू लाइन धरायची आणि रामकृष्ण आश्रम मार्गला उतरलं की पहाडगंजची स्वस्त हॉटेलं चालत. बॅगा घेऊन मेट्रोत गर्दीचं वाटतं खरं, पण सकाळी लवकर जागा मिळते.

आता तुमच्या मुख्य मुद्द्यावर येतो, सात दिवस एका गावात काय करायचं. इथं मी मागं हटणार नाही काका.

पैसा बघण्यात जात नाही, हलण्यात जातो. वहीतनंच सांगतो, आमचे सगळ्यात महाग दोन दिवस कुठले? एक पोचलो तो आणि एक निघालो तो. हमाल, पाणी, स्टेशनवरचं खाणं, वैतागून केलेली रिक्षा. मथुरा-हरिद्वार जोडलं असतं तर असे दिवस दोनाचे पाच झाले असते आणि बघितलं काय तर एसटी स्टँड. दिल्लीत एकाच खोलीवर राहिलो, सामान एकदाच उघडलं, आणि रोज शहराचा एकच तुकडा घेतला. माझी चूक एवढीच की ठिकाणांची यादी दिली आणि तुकडे दिले नाहीत, त्यामुळं तुम्ही एका दिवसात लाल किल्ला, कुतुब आणि इंडिया गेट केलंत. लाल किल्ल्याहून कुतुब म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं टोक, त्यात आईंचे गुडघे जाणारच.

कुतुबचा तुकडा असा बघा. मिनार बहात्तर मीटरच्या वर उंच, ऐबकानं सुरू केला, इल्तुतमिशानं वर चढवला, १३६८ मध्ये वीज पडल्यावर फिरोजशाह तुघलकानं वरचे मजले परत बांधले, म्हणून वर संगमरवर दिसतो आणि खाली लाल दगड. हे सगळे बघतात. पण गेटातनं बाहेर पडून थोडं चाललं की मेहरौलीचं पुरातत्त्व उद्यान लागतं, तिथं तिकीटच नाही. राजों की बावली म्हणून पायऱ्यांची विहीर आहे, वरनं नुसता खड्डा वाटतो, चार पायऱ्या उतरलं की कमानी चालू होतात, आणि आम्ही गेलो तेव्हा खाली एक म्हातारे गृहस्थ एकटेच बसून संत्रं सोलत होते. पोरांनी हाक मारली तर हाक परत आली. आमचा अख्खा दिवस तिथं गेला, खर्च झाला १८० रुपये, तिकिटासकट, मेट्रो धरून नाही.

लाल किल्ल्याचा तुकडा घ्या. किल्ला, समोर चांदणी चौक, शीशगंज गुरुद्वारा, जामा मशीद, सगळं चालत आणि सायकलरिक्षात होतं. चांदणी चौकाच्या मुख्य रस्त्यावर दिवसा मोटारी बंदच असतात. फक्त तिथं रविवारी जाऊ नका, दुकानं बंद. दिवाण-ए-खासमध्ये थोरल्यानं वर बघून विचारलं, छत असं साधं का? मी सांगितलं की इथं चांदीचं छत होतं, १७६० मध्ये सदाशिवरावभाऊ दिल्लीत आले तेव्हा फौजेचा पगार द्यायला पैसा नव्हता म्हणून काढून वितळवलं, आता आहे ते नंतरचं लाकडी काम. तो म्हणाला, "म्हणजे त्यांचं बजेट दिल्लीतच संपलं?" आता काय बोलणार. पुढच्या जानेवारीत पानिपत झालं, ते मी त्याला मेट्रोत सांगितलं.

आईंबद्दल मी खरंच विचार केला नव्हता. आम्ही चौघं धडधाकट, आम्हाला पायऱ्या दिसतच नाहीत. हुमायूनच्या कबरीला चौथऱ्यावर चढायच्या पायऱ्या उंच आणि उभ्या आहेत, जामा मशिदीला तर विचारू नका. म्हातारं माणूस बरोबर असेल तर कबरीच्या आवारातच उजव्या हाताला इसा खानाची कबर आहे, हुमायूनच्या आधीची, १५४७ ची, तिथली बाग अष्टकोनी भिंतीच्या आत, बसायला शांत. लोदी गार्डन फुकट, सपाट, झाडं मोठी. आणि नॅशनल म्युझियम, वीस रुपये तिकीट, लिफ्ट आहे. मोहेंजोदडोची नाचणारी मुलगी तिथं आहे, पुस्तकात बघून आपल्याला वाटतं पुतळा असेल, प्रत्यक्षात साडेदहा सेंटिमीटर, म्हणजे हातात मावेल एवढी. माझी आई असती तर म्हणाली असती, एवढुशा बाहुलीला एवढं मोठं घर.

जेवणाबद्दल एकच, तुम्ही म्हणालात की बंगलासाहिब गुरुद्वाऱ्यात लंगर खाऊन पैसे वाचवल्याचं मी लिहिलं नाही. मुद्दाम नाही लिहिलं. आम्ही एकदा जेवलो, पोरांनी आत रोट्या लाटल्या, त्यातली एक पण गोल नव्हती. पण लंगरला बजेटमध्ये धरणं मला बरं वाटत नाही. स्वस्त पाहिजे असेल तर अशोका रोडला आंध्र भवनाची थाळी आहे, भात वाढतच राहतात, तुमचे मिस्टर पाटीलकी दाखवतील तेवढा.

हां, हे चुकून लिहिलं, तुम्हीच मिस्टर. राहू दे.

दिवाळीबद्दल वाद नाही. धूर असतो, डोळे चुरचुरतात, हॉटेलं महाग, पण शाळेची सुट्टी तेव्हाच असते, तिथं माझ्याकडं उत्तर नाही. आईंना घेऊन परत जायचं म्हणत असाल तर फेब्रुवारी धरा, राष्ट्रपती भवनाची बाग तेव्हा उघडते, फुकट, सोमवारी बंद. रिझर्व्हेशन साठ दिवस आधी उघडतं, खालचे बर्थ दोन तरी मिळवा.

लेखाचं नाव आजच बदललंय, 'रेल्वे सोडून' असं ठळक घातलंय आणि सोमवार सगळ्यात वर. आईंना नमस्कार सांगा, आणि ह्या वेळी सांगलीतनं रविवारी रात्री बसा.