श्रेणी २ म्हणजे धरण आज रात्री फुटणार असं नाही, आणि कृपा करून सांडव्यावर गोण्या टाकू नका

परवापासून तालुक्यातल्या सगळ्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय आणि काल तो माझ्या आत्यापर्यंत पोचला. आत्याचं घर आमच्या ओढ्यावरच्या लघु पाटबंधारे तलावाच्या खालच्या अंगाला, सांडव्याचं, म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी सोडणाऱ्या वाटेचं, पाणी जिथून जातं त्याच काठावर. सत्तरी उलटलेली बाई, गुडघ्यांनी त्रासलेली, तिने घराची कागदं, गोळ्यांचा डबा, होतं नव्हतं ते पिशवीत भरलं आणि रात्रभर दारात बसून राहिली. त्यामुळे जरा चिडूनच लिहितोय, समजून घ्या.

मेसेज थोडक्यात असा: आपलं धरण श्रेणी २ मध्ये गेलंय म्हणजे सरकारनेच ते धोकादायक जाहीर केलंय, भिंतीखालून पाणी यायला लागलंय, सांडव्यावरून सेकंदाला हजारो लिटर पाणी सुटतंय, खेकड्यांनी भिंत पोखरलीये, आता दुसरं तिवरे (२०१९ ला फुटलेलं कोकणातलं धरण) होणार, तेव्हा तरुणांनी जमून सांडव्यावर वाळूच्या गोण्या रचा आणि गावाकडे येणारं पाणी थांबवा. सोबत एक धरण फुटतानाचा व्हिडिओ.

सगळ्यात आधी गोण्या, कारण बाकीचं वाचून माणसं घाबरतील फार तर, पण हे कुणी खरंच केलं तर माणसं मरतील.

आपलं धरण मातीचं आहे. मातीच्या धरणावरून पाणी जाऊन चालत नाही, म्हणून बाजूला सांडवा काढलेला असतो आणि त्याची पातळी भिंतीच्या माथ्यापेक्षा मुद्दाम खाली ठेवलेली असते. छोट्या तलावांच्या सांडव्याला बहुतेक ठिकाणी दरवाजे नसतातच, तलाव भरला की जादा पाणी आपोआप बाहेर. मोठा पाऊस झाला की पाणी सांडव्यावर काही फूट चढतं आणि त्याच्या वर माथ्यापर्यंत अजून थोडी उंची मोकळी राहते, तिला फ्रीबोर्ड म्हणतात, आणि पुराच्या रात्री भिंत आणि ओढ्याकाठची घरं यांच्यामध्ये तेवढीच उंची राखलेली असते. तुम्ही गोण्या रचून सांडवा दोन फूट उंच केलात की ते दोन फूट त्या मोकळ्या उंचीतूनच गेले. मग वरच्या डोंगरात रात्री जोराचा पाऊस झाला, पाणी माथ्यावरून पलीकडे उतरायला लागलं, की खालच्या उताराची माती धुपते, एक घळ पडते, घळीत अजून पाणी ओढलं जातं आणि घळ रुंद होत जाते, तिथून पुढे कुणाच्या हातात काही राहत नाही. गुजरातमधलं मच्छू-२ धरण ११ ऑगस्ट १९७९ ला असंच गेलं, सांडव्याच्या क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त पाणी आलं, ते मातीच्या भिंतींवरून गेलं, मधला दगडी सांडवा उभा राहिला आणि दोन्ही बाजूंच्या मातीच्या भिंती वाहून गेल्या, आणि खाली मोरबी शहर होतं. तिथे सांडवा अपुरा पडला आणि इथे आपण चांगला चालणारा सांडवा स्वतःच्या हाताने अपुरा करायला निघालोय!

आणि थांबवलेलं पाणी जाणार कुठे, याचा विचार मेसेज लिहिणाऱ्याने एक मिनिट तरी करायचा होता.

काही शेतकरी पावसाळा सरता सरता सांडव्यावर गोण्या, फळ्या लावतात, चार दिवस जास्त पाणी पुरावं म्हणून. त्यांची गरज मला कळते, विहिरी मार्चमध्येच तळाला जातात. तरी हात जोडून सांगतो, नका करू, परतीचा पाऊस सांगून येत नाही.

आता श्रेणी. केंद्रीय जल आयोगाची व्याख्या आहे आणि तीच सगळीकडे चालते. पाहणीत सापडलेल्या त्रुटींवरून तीन श्रेणी करतात. श्रेणी १ म्हणजे अशा त्रुटी ज्यांच्यामुळे धरण फुटू शकतं. श्रेणी २ म्हणजे मोठ्या त्रुटी, ज्यांची दुरुस्ती लवकर करायला हवी. श्रेणी ३ म्हणजे किरकोळ कामं, वर्षभरात उरकण्यासारखी. त्यामुळे आपल्या धरणात दुरुस्ती अडलीये हे खरं, आणि ती का अडलीये हे विचारायलाच पाहिजे, पण "आज रात्री फुटणार" हे कुठल्याच श्रेणीत लिहिलेलं नाही. खरोखर तेवढं गंभीर असतं तर ते श्रेणी १ मध्ये गेलं असतं. धरण सुरक्षा कायदा २०२१ नुसार पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर अशी दोनदा पाहणी बंधनकारक आहे. इथे एक गोष्ट मेसेजच्या बाजूने मान्य करावी लागेल, की हा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू आहे, १० ते १५ मीटरमधल्यांना लांबी, साठा वगैरे अटी बसल्या तरच, आणि त्याखालचे असंख्य पाझर तलाव आणि बंधारे कायद्याच्या बाहेरच राहतात. त्यांच्याकडे बघायला कुणी नाही ही तक्रार बरोबर आहे.

"भिंतीखालून पाणी येतंय." मातीचं धरण थोडंफार पाझरतंच. आत काळ्या मातीचा गाभा, खालच्या बाजूला वाळू-खडीचा फिल्टर आणि पायथ्याशी दगडांची रास, हे सगळं आत शिरलेलं पाणी माती न ओढता बाहेर पडावं म्हणूनच केलेलं असतं. ते पाणी पायथ्याच्या नालीत येतं, तिथे मधोमध व्ही आकाराची खाच कापलेला पत्रा उभा असतो, खाचेतून पाणी किती उंचीने पडतंय ते मोजलं की गळती किती ते कळतं. मी आज सकाळी जाऊन पाहिलं. तलावातलं पाणी चहासारखं लाल, पण नालीतलं इतकं स्वच्छ की तळाची वाळू दिसत होती, पारदर्शक बाटलीत भरून ठेवलं तर तासाभराने तळाला गाळ नाही. म्हणजे माती वाहून जात नाहीये, निदान आज तरी. मात्र धरण ठणठणीत आहे असं मी अजिबात म्हणत नाही, तो पत्रा एका बाजूला वाकलाय त्यामुळे मोजमाप कसलं होणार, आणि खालच्या उतारावर माणूसभर उंच झुडपं माजलीयेत, ज्यांच्या आडून नवी ओल दिसणारसुद्धा नाही. ज्यांच्याकडे हे काम आहे त्यांनी हे पावसाळ्याआधी करायला हवं होतं.

"सेकंदाला हजारो लिटर." एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, तेव्हा शंभर क्युसेक झाले की २८०० लिटर होतात, भरलेल्या तलावाच्या सांडव्यावरून एवढं पाणी जाणं पावसाळ्यात नेहमीचं आहे. फक्त फरशी पुलावरून पाणी असेल तर गाडी घालू नका.

खेकडे. तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, भेंडवाडी वाहून गेली, आणि नंतर तेव्हाचे जलसंधारण मंत्री खेकड्यांमुळे गळती झाली असं बोलले, तेव्हापासून प्रत्येक गळतीला खेकडे चिकटलेत. यात अर्धं खरं आहे, खेकडे, उंदीर, घुशी यांची बिळं मातीच्या धरणाला घातक असतातच आणि पाहणीत ती बघायचीच असतात. पण बिळं काही एका रात्रीत पडत नाहीत, ती दिसतात, बुजवता येतात. तिवऱ्याच्या लोकांनी गळतीची तक्रार आधीच केली होती, माणसं गेली ती तक्रार ऐकली न गेल्यामुळे, आणि हे खेकड्यांवर ढकललेलं मला आजही सहन होत नाही.

व्हिडिओ आपल्या तलावाचा नाही. त्यात दरवाजांचं काँक्रीटचं धरण आहे, आपल्याकडे एकही दरवाजा नाही. विषय संपला.

एकाने मेसेजखाली लिहिलंय की तलावातून पाणी सोडायची झडप पूर्ण उघडून तलाव रातोरात रिकामा करा. तेही आपल्या मनाने नको, पाणी झपाट्याने उतरलं की आतल्या बाजूची भिजलेली माती आधार सुटून घसरू शकते. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात कारम धरणाला ऑगस्ट २०२२ मध्ये गळती लागली तेव्हा खालची गावं हलवली आणि बाजूने चर खोदून पाणी काढलं, ते सगळं अभियंत्यांच्या देखरेखीखाली.

घाबरायचंच असेल तर या गोष्टींना घाबरा: पायथ्याचं पाणी गढूळ झालं किंवा तासागणिक वाढायला लागलं, कोरड्या जागी अचानक पाणी उकळल्यासारखं वर यायला लागलं, माथ्यावर लांबच्या लांब भेग पडली, कुठे भिंत खचली, तलावात भिंतीजवळ भोवरा दिसला. यातलं एक जरी दिसलं तरी आधी ओढ्याकाठच्या लोकांना उठवा, मग पोलीस पाटील आणि जिल्ह्याचा आपत्ती कक्ष, नंबर १०७७, आणि फोनवर नीट सांगा की भिंतीच्या कुठल्या टोकाला, पाणी स्वच्छ की गढूळ, वाढतंय की तेवढंच आहे, कधीपासून.