नाव माहीत असतं तर शोधलं कशाला असतं?

काल रात्री मला सात स्कॅन केलेल्या पीडीएफ फायली जोडून एक करायच्या होत्या. एवढंच काम. टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडलं, पॅकेजांच्या, म्हणजे बसवायच्या सॉफ्टवेअरच्या गाठोड्यांच्या यादीत 'पीडीएफ' शोधलं आणि धो धो ओळी सुरू झाल्या. फॉन्ट, लायब्ररी (इतर प्रोग्रॅमांना लागणारा कोड), तिचं डेव्ह (डेव्हलपरांसाठी), तिचं डॉक (माहितीपुस्तक), पुन्हा लायब्ररी. कोणतं माणसाने वापरायचं आणि कोणतं दुसऱ्या पॅकेजला लागतं, काही पत्ता नाही. मग 'पीडीएफ मर्ज' टाकलं. जी नावं आली त्यातलं एक बसवायला गेलो तर त्याच्यामागे जावाचा अख्खा लवाजमा. दुसरं बसलं, पण उघडेचना.

दीड तास गेला. आणि मग कळलं की हे काम करणारी आज्ञा माझ्याच मशीनवर आधीपासून पडून होती! पीडीएफयुनाइट. पॅकेजचं नाव काय, तर पॉपलर-युटिल्स (पॉपलर ही पीडीएफ हाताळणारी लायब्ररी). यावरून कुणाला काय समजणार? वर्णनात लिहिलंय 'डॉक्युमेंट मर्जिंग टूल'. इंग्रजीत 'मर्ज'ला 'इंग' लागलं की शेवटचा 'ई' गळतो. त्या एका 'ई'पायी शोधाला ते दिसलंच नाही! दीड तास माझा गेला त्या 'ई'मध्ये. अजून डोकं तापलेलंय.

पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिणाऱ्यांचीही तीच कथा. कोडमध्ये लिहायचं 'सीव्ही२', बसवायचं 'ओपनसीव्ही-पायथन'. लिहायचं 'पीआयएल', बसवायचं 'पिलो'. नवख्या पोराने हे ओळखायचं कसं? टर्मिनलमधून पायथनची पॅकेजं शोधायला 'पिप सर्च' ही आज्ञा होती, तेही सर्व्हरला भार सोसेना म्हणून डिसेंबर २०२० मध्ये बंद झालं. भार येत होता म्हणजे लोकांना ते लागत होतं ना?

आणि हा नुसता वेळेचा प्रश्न नाही. २०१७ मध्ये एनपीएमवर (जावास्क्रिप्टच्या पॅकेजांचं भांडार) 'क्रॉस-एन्व्ह' या पॅकेजच्या शेजारी कुणीतरी मधली रेघ काढून 'क्रॉसएन्व्ह' ठेवलं होतं. चुकून ते बसवलं की मशीनमधली गुप्त माहिती बाहेर. जिथे नावावरच सगळी मदार, तिथे नावाचाच सापळा लावणार लोक.

डेबियन या लिनक्समध्ये डेबटॅग्ज आहेत, पॅकेज कशासाठी आहे, कशावर चालतं अशा खुणा लावायची सोय. कल्पना सोन्यासारखी. पण शोधताना त्या आपणहून समोर येतात का? नाही. त्या आहेत हेही आधी माहीत असावं लागतं.

अरे, पॅकेज बनवणाऱ्यांनो, वर्णनाची पहिली ओळ तरी माणसासाठी लिहा. 'पॉपलरवर आधारित' हे मला नकोय, 'पीडीएफ जोडतं, तोडतं, त्यातला मजकूर काढतं' असं लिहा. शेवटचा बदल कधी झाला ते वर दाखवा. खिडकी उघडणारं असेल तर एक स्क्रीनशॉट टाका. आणि शोध लिहिणाऱ्यांनो, 'मर्ज' आणि 'मर्जिंग' एकच धरा हो, एवढं तरी करा.

फायली शेवटी जोडल्या. एका ओळीची आज्ञा, डोळ्याचं पातं लवायच्या आत काम झालं, तेव्हा घड्याळात पावणेदोन वाजले होते.