शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये

अमेरिकेतल्या तुमच्या जुन्या कंपनीवर बुडवलेल्या ओव्हरटाइमचा सामूहिक दावा लागलाय आणि 'सामील व्हायचं का?' अशी नोटीस घरी आलीय. पाकीट न फोडता बिलांच्या गठ्ठ्याखाली सरकवा. आपण खाल्ल्या मिठाला जागणारी माणसं. आठवड्याला ४० तासांपुढचं मीठ दीडपट भावाने मिळायला हवं होतं, हा १९३८च्या कायद्याचा उगाच आग्रह.

आता निवांत विचार करा, घाई कशाला? दुसऱ्याने दावा लावला म्हणून तुमचं घड्याळ थांबत नाही. तुमच्या सहीचं संमतिपत्र न्यायालयात दाखल होतं, त्या दिवसापासून मागे दोनच वर्षांचा बुडालेला पगार मोजतात (मालकाने जाणूनबुजून बुडवल्याचं सिद्ध झालं तर तीन). तासाला २० डॉलर मिळत होते आणि आठवड्याला ४०च्या वर पाच तास फुकट राबलात, तर विचारात घालवलेला प्रत्येक आठवडा १५० डॉलरला पडतो. तेवढीच रक्कम नुकसानभरपाई म्हणून सहसा वर मिळते, ती धरली तर ३००. नोकरी सोडून वर्ष झालं असेल तर निम्मं ओझं आधीच उतरलंय. अजून वर्षभर विचार करा, उरलेलंही उतरेल.

'मला महिन्याचा पगार होता, ओव्हरटाइम कुठला?' हे रोज घोकत राहा. कार्डावर 'असिस्टंट मॅनेजर' छापलं होतं ना? दिवसभर खोकी उचलली, हाताखाली चिटपाखरू नव्हतं, हे कुणाला सांगू नका. कायदा हुद्दा नव्हे, प्रत्यक्ष काम बघतो. आपण कार्डाची लाज राखावी.

हजेरी मालकाने ठेवलीच नाही, मग पुरावा कसला? अशा वेळी कामगाराचा रास्त अंदाजही ग्राह्य धरावा, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४६ मध्येच म्हटलंय. म्हणून रात्री नऊचे ईमेल, 'उद्या लवकर ये'चे मेसेज आणि पगाराच्या स्लिपा जुन्या फोनसोबत भंगारात जाऊ द्या.

जुना बॉस सूड उगवेल, ही भीतीही जपा. सूड घेणं बेकायदा आहे, पण भीतीला कायदा कुठे कळतो!

थट्टा बाजूला ठेवून विचारायचे प्रश्न दोनच. रुजू होताना लवादाच्या कागदावर (म्हणजे भांडण कोर्टात न नेता खासगी पंचापुढे नेण्याच्या करारावर) सही केली होती का? केली असेल तर सामूहिक दाव्याचं दार बंद असू शकतं. आणि हरलो तर खर्च कुणाच्या डोक्यावर? वकिलाच्या करारात ते शोधा. जिंकलात तर वकिलाची वाजवी फी मालकाला भरावी लागते.

हे प्रश्न अर्थातच नोटिशीवरची मुदत उलटल्यावर विचारा. तेव्हाही एकट्याने दावा लावता येतोच, स्वतःचा वकील शोधून. तो सापडेपर्यंत घड्याळ चालूच.