वर्षाला दोन महिने गणवेश आणि आयुष्यभर पेन्शन? टीएच्या व्हायरल मेसेजला मुद्देसूद उत्तर

कोल्हापूर, सांगली, बेळगाव पट्ट्यातल्या भरतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्यात म्हटलंय की टेरिटोरियल आर्मीत, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या टीएत, थेट लेफ्टनंट होता येतं आणि बेरोजगार पदवीधरांना प्राधान्य असतं. एसएसबी, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाची काही दिवसांची चाचणी, नाही, ट्रेनिंग नावापुरतं. ड्युटी वर्षातून दोनच महिने, बाकी दहा महिने घरी. वीस वर्षांनी पेन्शन, मध्येच कधीतरी कायम सैन्यात बदली. शेवटी धोनीचं नाव आणि ‘बटालियन तर आपल्या कोल्हापुरातच आहे’ ही ओळ.

ज्या कोल्हापूर जिल्ह्यात सैनिक टाकळीसारखं फौजींचं गाव आहे, तिथं फौजेचं नाव निघालं की माणसं पडताळत बसत नाहीत, विश्वास ठेवतात. म्हणूनच हा मेसेज जास्त नुकसान करतो. त्यातला एकेक दावा बघू.

पहिला दावा बेरोजगारांच्या प्राधान्याचा. हा नुसता चूक नाही, पार उलटा आहे. टीएचा कायदा 1948 चा. 9 ऑक्टोबर 1949 रोजी तेव्हाचे गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी या दलाचं उद्घाटन केलं. तेव्हापासून कल्पना एकच आहे: आपापल्या कामधंद्यात स्थिरावलेल्या नागरिकांनी ठरावीक काळ लष्करी शिक्षण घ्यायचं आणि देशाला गरज पडली की गणवेशात हजर व्हायचं. त्यामुळे अधिकारीपदासाठी पदवी आणि 18 ते 42 वयाच्या जोडीला तिसरी अट येते ती स्वतःच्या कमाईची. नोकरी असेल तर नोकरीचा पुरावा, सरकारी नोकर असाल तर खात्याची परवानगी, स्वतःचा व्यवसाय असेल तर उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र. जाहिरातीत स्वच्छ लिहिलेलं असतं की टीए ही पूर्णवेळ करिअर देणारी सेवा नाही.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटी विभागात असलेला गडहिंग्लजकडचा एक पोरगा माझ्याकडे आला होता. मोबाइलमध्ये राजीनाम्याचा मजकूर टाइप करून तयार, फक्त पाठवायचा बाकी. ‘सर, सहा महिने लायब्ररीत बसतो आणि टीए काढतो,’ म्हणाला. तो राजीनामा गेला असता तर ज्या पात्रतेवर तो फॉर्म भरणार होता तीच हातची गेली असती. घरात हप्ता, बहिणीचं लग्न तोंडावर, आणि हा पोरगा एका फॉरवर्डवर नोकरी सोडायला निघालेला. मला राग येतो तो याचा.

या खोट्याची दुसरी बाजूही आहे. पदवीधरांना सैन्यात अधिकारी होण्यासाठी असलेल्या सीडीएस परीक्षेची वयोमर्यादा पंचविशीच्या आसपास संपते. त्यानंतर शिक्षक, वकील, साखर कारखान्यातला केमिस्ट, बँकेतला अधिकारी यांना वाटतं की आपलं फौजेचं दार बंद झालं. टीएचं दार नेमकं त्यांच्यासाठी 42 पर्यंत उघडं असतं. मेसेज ज्याला बोलावतो त्याच्यासाठी ही वाट नाही, आणि ज्याच्यासाठी आहे तो ‘हे बेरोजगारांचं आहे’ म्हणून पुढे सरकतो.

दुसरा दावा, एसएसबी नाही. आहे, आणि पूर्ण आहे. आधी लेखी परीक्षा: तर्कशक्ती, अंकगणित, सामान्यज्ञान, इंग्रजी. ती पार पडली की प्राथमिक मुलाखत. महाराष्ट्रातल्या उमेदवारांसाठी ती पुण्याच्या टीए ग्रुप मुख्यालयाकडे असते, आणि तुम्ही काय काम करता, मालक सोडेल का, घरचे तयार आहेत का, हे तिथं खोदून विचारलं जातं. मग एसएसबी, मग मेडिकल. एसएसबीत पडद्यावर एकेक शब्द येतो, पंधरा सेकंदांत मनात येईल ते वाक्य लिहायचं, असे साठ शब्द. त्यानंतर अर्ध्या तासात साठ प्रसंगांवर तुम्ही काय कराल ते लिहायचं. मैदानावर फळ्या, दोर, पिंपं घेऊन गटाला अडथळा पार करायला लावतात आणि कोण ओरडतंय, कोण उचलतंय हे बघतात. बारावीनंतर एनडीएतून अधिकारी व्हायला निघालेल्या पोराला जी चाळणी तीच चाळीस वर्षांच्या प्राध्यापकाला. सूट फक्त माजी लष्करी अधिकाऱ्यांना, त्यांना लेखी परीक्षा नाही.

आता जागा किती? 2025 च्या जाहिरातीत अख्ख्या देशासाठी 19 होत्या. 18 पुरुषांसाठी, 1 महिलेसाठी. हा आकडा त्या मेसेजमध्ये कुठेच नाही.

तिसरा दावा नावापुरत्या ट्रेनिंगचा. निवड झाली की लेफ्टनंटचा हुद्दा आधी मिळतो आणि प्रशिक्षण नंतर होतं, एवढं खरं. त्यावरूनच हा समज पसरला असावा. पण पहिल्या वर्षी एक महिन्याचं मूलभूत प्रशिक्षण, पहिल्या वर्षासकट दरवर्षी दोन महिन्यांचं शिबिर, आणि पहिल्या दोन वर्षांच्या आत देहरादूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीत तीन महिने. बेरीज करा. पहिल्या दोन वर्षांतच आठ महिने होतात. खासगी कंपनीत आठ महिने बाहेर राहणं म्हणजे काय, हे नोकरी करणाऱ्याला सांगायला नको. 1948 च्या कायद्यातच अशी तरतूद आहे की लष्करी सेवेसाठी बोलावलेल्या माणसाला परत आल्यावर मालकाने कामावर घ्यावं. कायदा पाठीशी आहे. तरीही फॉर्म भरण्याआधी साहेबांशी समोरासमोर बोला, ही माझी कळकळीची विनंती. त्यांचा सूर आधी कळलेला बरा.

चौथा दावा दोनच महिन्यांचा. शांततेच्या काळात ठीक. पण मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत केंद्र सरकारने टीए नियमावलीतल्या नियम 33 खाली लष्करप्रमुखांना टीएचे सगळे अधिकारी आणि जवान बोलावण्याचा अधिकार दिला. 32 पैकी 14 इन्फंट्री बटालियन प्रत्यक्ष सेवेत घेण्याचं त्या आदेशात होतं आणि त्याची मुदत फेब्रुवारी 2028 पर्यंत आहे. 1962, 1965, 1971 या तिन्ही युद्धांत टीएच्या तुकड्या होत्या. बोलावणं आलं की दोन महिन्यांचा हिशेब संपतो. मग वर्ष, दोन वर्षं, कदाचित जम्मू-काश्मीर किंवा ईशान्य भारत. ज्याला हे मान्य आहे त्यानंच यावं. आणि ज्यांना मान्य असतं त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे, कारण भरला संसार आणि चालती नोकरी मागं ठेवून जाणं सोपं नाही.

पाचवा दावा पगार-पेन्शनचा. गणवेशात असताना पगार आणि भत्ते नियमित अधिकाऱ्यासारखेच. लेफ्टनंटचं सुरुवातीचं मूळ वेतन महिन्याला 56,100 रुपये, त्यावर लष्करी सेवा वेतन 15,500, आणि भत्ते वेगळे. मात्र हे मिळतं गणवेशातल्या दिवसांचं. घरी असताना तुमचा नेहमीचा पगार.

पेन्शनचं गणित तर त्या मेसेजवाल्याने मुद्दामच लपवलंय असं वाटतं. पेन्शनसाठी अधिकाऱ्याची वीस वर्षं मोजतात ती प्रत्यक्ष सेवेची, म्हणजे गणवेशातल्या दिवसांची, कॅलेंडरची नव्हे. वर्षाला दोन महिने धरले तर वीस वर्षांत भरतात चाळीस महिने, म्हणजे तीन वर्षं चार महिने. सुरुवातीचं जादा प्रशिक्षण मिळवूनही चार वर्षं होत नाहीत. पेन्शन मिळतच नाही असं नाही, दीर्घकाळ प्रत्यक्ष सेवेत राहिलेल्यांना मिळते. पण हमी नसते, आणि जाहिरात ते स्पष्ट सांगते. तेव्हा पीएफ, विमा, म्हातारपणची सोय तुमच्या मूळ नोकरीतूनच बघायची. बढतीत मात्र खरी वाट आहे: अटी पूर्ण करत गेलात तर लेफ्टनंट कर्नलपर्यंत सेवाकाळानुसार, पुढे कर्नल आणि ब्रिगेडियर निवडीने.

उरलेले दावे थोडक्यात. टीएतल्या कमिशनवर कायम सैन्यात बदली मिळत नाही. नियमित सैन्य हवं असेल तर वय आहे तोवर सीडीएस किंवा एनसीसी स्पेशल एन्ट्री बघा, तिथं चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीतून शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे ठरावीक वर्षांची पण पूर्णवेळ सेवा मिळते. त्या वाटेवर नोकरीची अट नाही, त्यामुळे नुकतीच पदवी हातात आलेल्याने आधी तिकडं जावं. धोनीला 2011 मध्ये मिळालेला लेफ्टनंट कर्नल हा मानद हुद्दा आहे, त्याचा या परीक्षेशी संबंध नाही. राजकारणातले सचिन पायलट आणि अनुराग ठाकूर मात्र रीतसर निवड होऊन लेफ्टनंट म्हणून दाखल झाले. आणि कोल्हापुरात मराठा लाइट इन्फंट्रीची 109 टीए बटालियन आहे, याचा आपल्याला अभिमानच आहे. पण तिच्या जवान भरतीचे नियम वेगळे, दहावी-आठवीच्या पात्रतेचे. पदवीधराने अधिकारीपदाचा फॉर्म भरला म्हणून नेमणूक घराजवळ होईल याची हमी कोणी देऊ शकत नाही.

त्या मेसेजखाली एक मोबाइल नंबर असतो, ‘मार्गदर्शनासाठी’. अधिकारीपदाचा फॉर्म टीएच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः भरायचा असतो आणि 2025 मध्ये त्याची फी होती 500 रुपये. त्या नंबरवरून कोणी ‘सेटिंग’साठी पैसे मागितले, तर स्क्रीनशॉट काढून जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या, आणि ज्या ग्रुपवर मेसेज आला तिथं हे सगळं लिहा.